क्यू इंडिया: परळच्या एका शोधनिबंधाची साक्ष

'जर्नल ऑफ मेडिकल जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या १९७२ सालच्या नवव्या खंडात ४३६व्या पानावर एक निबंध सुरू होतो आणि ४४२व्या पानावर संपतो. मथळा मराठीत आणला तर साधारण असा होईल: तीन सिंधी कुटुंबांत बीटा थॅलॅसेमियाच्या जोडीने आढळलेले हिमोग्लोबिन क्यू इंडिया. मथळ्यातच या हिमोग्लोबिनचा रासायनिक पत्ताही दिलेला आहे. अल्फा साखळी, ६४वे स्थान, ई १३, अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी हिस्टिडिन. खाली पाच नावे: पी. के. सुकुमारन, एस. एम. मर्चंट, एम. पी. देसाई, बी. जी. विल्टशर आणि एच. लेहमन.

पहिली तीन नावे मुंबईची, शेवटची दोन केंब्रिजची. हिमोग्लोबिनच्या संशोधनाचा इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यात केंब्रिज ठसठशीत असते. मॅक्स पेरुट्झ, त्यांचे स्फटिक, त्यांचे १९६२चे नोबेल. ते योग्यच आहे. पण या निबंधावर पहिले नाव परळच्या माणसाचे आहे, आणि मला वाटते, ते तिथे का आले हे समजून घेणे हा मुंबईच्या विज्ञानाचा इतिहास समजून घेण्याचा एक चांगला रस्ता आहे.

प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या संशोधकाचे चरित्र त्याच्या निबंधांतून मांडता येते. प्रत्येक निबंध म्हणजे तारीख घातलेला दस्तऐवज असतो. त्यावर संस्थेचा पत्ता असतो, बरोबर काम करणाऱ्यांची नावे असतात, आणि त्या घडीला काय म्हणण्याइतकी खात्री झाली होती हे मथळ्यात आलेले असते. सुकुमारन यांच्या नावाचे असे निबंध १९५६पासून सापडतात. ते ओळीने मांडले की एका कामाची वाटचाल डोळ्यांसमोर येते.

सुरुवात मात्र त्यांच्या आधीपासून करायला हवी. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ होते. मुंबईतल्या रुग्णांचे हजार मुखकर्करोग तपासून त्यांनी १९४४ साली निबंध लिहिला होता. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांत कर्करोग वेगवेगळ्या अवयवांना का धरतो, हा प्रश्न त्यांना सतत पडत असे. खाणेपिणे, तंबाखू, लग्नाचे वय ही कारणे होतीच. पण रक्तात काही वेगळेपण आहे का, हेही पाहायला हवे होते. म्हणून १९४९ साली 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये एल. डी. संघवी आणि खानोलकर यांचा निबंध आला: मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांतली सात आनुवंशिक लक्षणे. कर्करोगाच्या संस्थेत मानवी आनुवंशिकीचे दालन निघाले ते या वाटेने. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, पुढे त्याचे कर्करोग संशोधन संस्था असे नाव झाले, आणि त्यातला मानवी वैविध्याचा विभाग संघवींच्या हाताखाली वाढला. सुकुमारन यांचे काम याच विभागातले.

त्याच १९५२ साली शेजारच्या केईएम रुग्णालयातून आणखी एक निबंध जगभर गेला. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांचा, 'लॅन्सेट'मधला. ज्यांच्या रक्तपेशींवर ए, बी आणि ओ गटात सापडणारे एच द्रव्यही नाही अशा माणसांचा तो शोध. आज त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. हे दोन्ही पत्ते परळचे, एकमेकांपासून काही पावलांवर. रक्त हा विषय त्या चार रस्त्यांवर तेव्हा किती जोरात होता, याची कल्पना यावरून येते. पुढच्या निबंधांतही ही शेजारीपणाची खूण दिसते. रक्तगट संदर्भ केंद्रातले भाटिया आणि गिरीश व्यास, कर्करोग केंद्रातले सुकुमारन, बालकृष्णन आणि संघवी, ही नावे एकाच निबंधाखाली एकत्र येतात. एकाच समाजातून गोळा केलेले रक्त एका ठिकाणी रक्तगटासाठी, दुसरीकडे हिमोग्लोबिनसाठी तपासले जात होते, असा त्याचा अर्थ.

सुकुमारन, संघवी आणि व्यास यांचे १९५६चे टिपण 'करंट सायन्स'मध्ये आहे. विषय: पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींमधले सिकलसेल लक्षण. हा विषय भारतात तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीत, तर डनलॉप आणि मजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत सिकलसेल असल्याचे दाखवले होते. तोवर हा आफ्रिकी वंशाचा आजार मानला जाई. मुंबईचे हे टिपण, आणि मग १९५८ साली नागपूरहून शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला निबंध, यांनी नकाशा झपाट्याने भरत गेला. नंदुरबारच्या भिल्ल-पावरांपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार किती खोल रुजला आहे ते आज आपल्याला माहीत आहे. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३च्या जुलैत सुरू झाली. परळचे टिपण तिच्या सदुसष्ट वर्षे आधीचे आहे. १९६२ साली याच गटाचा मोठा निबंध अमेरिकेतल्या शारीर-मानवशास्त्राच्या नियतकालिकात आला, तेव्हा मथळ्यात 'गुजरातमधल्या जमाती' असे शब्द होते. मधल्या काळात १ मे १९६० उलटून गेला होता, आणि मुंबई राज्याची दोन राज्ये झाली होती.

आता या कामाचा हात जवळून पाहू. सिकलसेल ओळखायची जुनी पद्धत सोपी होती. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे ताजे द्रावण मिसळायचे, वर पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या. प्राणवायू निघून गेला की सिकल असलेल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सूक्ष्मदर्शकातून मोजायच्या. पण यात फक्त सिकलच कळते. बाकीची हिमोग्लोबिने या काचेखाली गप्प बसतात. त्यांना बोलते करायला विद्युतप्रवाह लागतो.

रक्त गोठू न देता आणायचे, यंत्रात फिरवून तांबड्या पेशी खाली बसवायच्या, मिठाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवायच्या. मग त्यात पाणी आणि थोडे टोल्यूइन घालून हलवले की पेशी फुटतात. पुन्हा फिरवले की वर कचरा आणि खाली स्वच्छ लाल द्रावण राहते. ते हिमोग्लोबिन. गाळणकागदाच्या पट्टीवर त्याची बारीक आडवी रेघ ओढायची, पट्टीची दोन्ही टोके पीएच ८.६च्या बफरमध्ये सोडायची आणि प्रवाह सुरू करायचा. या अल्कधर्मी बफरमध्ये हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, त्यामुळे रेघ हळूहळू धन टोकाकडे सरकते. काही तासांनी पाहिले तर तुमच्या-माझ्या रक्ताची एकच ठळक रेघ दिसते, ती हिमोग्लोबिन ए. तिच्या मागे फिकट अशी ए-२ची रेघ, अवघी दोन-तीन टक्क्यांची. ती नीट दिसायला रंग द्यावा लागतो. सिकल असेल तर ए आणि ए-२ यांच्या मधे आणखी एक रेघ उमटते. एका साखळीवरचा एक ऋण भार कमी झाला म्हणून ती मागे पडते. इतकेच कारण.

हे कारण १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे विधान त्या वर्षी प्रथम झाले. नेमका कोणता बदल, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजला १९५६-५७मध्ये शोधले: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन; ही जागा बीटा साखळीतली सहावी, हे नंतर स्पष्ट झाले. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत १४१ दुव्यांच्या दोन अल्फा आणि १४६ दुव्यांच्या दोन बीटा साखळ्या असतात, म्हणजे एकूण ५७४ दुवे. त्यांतले दोन बदलले की पेशी वाकते.

पण १९५०च्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळांना पट्टीवर ज्या नव्या रेघा दिसत होत्या, त्यांचा आतला बदल सहसा कळत नव्हता. कळत होती फक्त जागा. ए-च्या पुढे पळणारी, मागे रेंगाळणारी, सिकलच्या जागी बसणारी. म्हणून त्यांना अक्षरे दिली गेली. सी, डी, ई, जी, एच, आय, जे, के, एल. सुकुमारन यांच्या वाटचालीतला १९५८चा निबंध याच काळातला आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये संघवी, सुकुमारन आणि लेहमन यांनी दोन भारतीय स्त्रियांमधल्या हिमोग्लोबिन जे विषयी लिहिले. त्यांतल्या एकीत जोडीला थॅलॅसेमियाही होता. जे म्हणजे ए-च्याही पुढे जाणारी रेघ. मथळ्यात अक्षर आहे, पत्ता नाही. तेव्हा पत्ता असूच शकत नव्हता.

या १९५८च्या मथळ्याशेजारी १९७२चा मथळा ठेवून वाचावा. दोन्हींत एक निराळे हिमोग्लोबिन आहे, दोन्हींत थॅलॅसेमियाची जोड आहे, दोन्हींत मुंबई आणि लेहमन आहेत. फरक एवढाच की १४ वर्षांनी अक्षरापुढे पत्ता आला आहे: अल्फा ६४, ई १३. यातला ६४ हा आकडा साखळीतल्या दुव्यांचा क्रम उलगडल्याशिवाय लिहिता येत नाही. आणि ई १३ म्हणजे ई नावाच्या पिळातला तेरावा दुवा. हे लिहायला साखळी अवकाशात कशी वळते ते ठाऊक असावे लागते. ते ज्ञान पेरुट्झ आणि जॉन केंड्र्यू यांच्या क्ष-किरणांच्या कामातून आले. पेरुट्झ आणि लेहमन यांनी १९६८ साली 'नेचर'मध्ये तोवर माहीत असलेली सदोष हिमोग्लोबिने या रचनेवर बसवून दाखवली, आणि कोणता बदल घातक, कोणता निरुपद्रवी, याचे कारण रचनेतून सांगता येऊ लागले. परळच्या निबंधाच्या मथळ्यातली ती दोन छोटी चिन्हे म्हणजे त्या सगळ्या दशकाचा हिशेब आहे.

हर्मन लेहमन यांच्याविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण मुंबईच्या या निबंधांना त्यांचा हात लागलेला आहे. ते जर्मनीतल्या हाले शहरात जन्मलेले, नाझी राजवटीमुळे देश सोडून इंग्लंडला गेलेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून ते भारतात आले आणि सैनिकांमधला रक्तक्षय अभ्यासू लागले. पुढे युगांडा, मग लंडन, आणि १९६३पासून केंब्रिजला असामान्य हिमोग्लोबिनांचे केंद्र. जगातून कुठूनही संशयास्पद रक्त आले की त्याचा छडा लावायचा, अशी त्या केंद्राची ख्याती झाली. नमुने पाठवणाऱ्यांची नावे निबंधांवर पुढे असत, हे लेहमन यांच्या कामातले मला फार मोलाचे वाटते. रेघ आधी ज्याने पाहिली, शंका ज्याने घेतली, त्याचा मान त्यांनी राखला.

आता क्यू. हे अक्षर आधीच दिले गेले होते. १९५८ साली फ्रँक वेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगापूरमधल्या एका चिनी रुग्णात सापडलेल्या हिमोग्लोबिनला क्यू म्हटले. त्यानंतर इतरत्रही क्यूसारखी रेघ दिसू लागली. १९७० साली लॉर्किन, चार्ल्सवर्थ, लेहमन आणि त्यांच्या इराण व आग्नेय आशियातल्या सहकाऱ्यांनी दाखवले की ही दोन वेगवेगळी हिमोग्लोबिने आहेत. एकात अल्फा साखळीतला ७४वा दुवा बदलला आहे, दुसऱ्यात ७५वा. दोन्हींत अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन हिस्टिडिन आले आहे. पहिले क्यू थायलंड, दुसरे क्यू इराण. आणि दोन वर्षांनी मुंबईतून तिसरे आले: तोच बदल, पण ६४व्या जागी.

या तिघांना वेगळे ओळखणे किती कठीण होते, हे सांगण्यासारखे आहे. तिन्हींत एकाच प्रकारे भार कमी झालेला, त्यामुळे पट्टीवर तिन्ही एकाच जागी, सिकलच्या आसपास. हिमोग्लोबिन डीही तिथेच बसते. म्हणजे परळच्या टेबलावर ही रेघ प्रथम दिसली असेल तेव्हा तिच्याकडे पाहून मनात येणारे पहिले नाव सिकलचे. काचेखालची चाचणी केली की पेशी वाकत नाहीत. म्हणजे सिकल नाही. मग डी? पंजाबी आणि गुजराती रक्तांत डी चांगलेच आढळते. इथे एक बारीक खूण उपयोगी पडते. डीचा दोष बीटा साखळीत असतो. ए-२ मध्ये बीटा साखळी नसतेच, अल्फा आणि डेल्टा असतात. म्हणून डी असलेल्या माणसाची ए-२ची रेघ जशीच्या तशी राहते. दोष अल्फात असेल तर मात्र ए-२ही दुभंगते, आणि तिच्या मागे आणखी एक अगदी पुसट रेघ उमटते. ज्याने वर्षानुवर्षे अशा पट्ट्या पाहिल्या आहेत त्याचीच नजर त्या रेघेवर थांबते. दुसरी खूण प्रमाणाची. बीटाची जनुके दोन, पण अल्फाची चार. चारांतले एकच बिघडले असेल तर निराळ्या हिमोग्लोबिनचा वाटा अर्ध्याजवळ न जाता पाव किंवा त्याहून कमी राहतो.

अल्फातला दोष इतपत कळल्यावर पुढचा टप्पा साखळी तोडण्याचा. ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य प्रथिनाची साखळी फक्त लायसिन आणि आर्जिनिन या दोन दुव्यांनंतर तोडते. तुकडे पडतात, ते कागदावर दोन दिशांनी पसरवायचे आणि निरोगी हिमोग्लोबिनच्या तुकड्यांशी ताडून पाहायचे. कोणता तुकडा जागेवरून हलला, त्यात दोष. पण अल्फा साखळीतला ६२ ते ९० हा भाग एकसंध निघतो, कारण त्यात शेवटच्या लायसिनखेरीज तुटायला जागाच नाही. २९ दुव्यांचा हा तुकडा अल्फातला सगळ्यात लांब. त्यात अ‍ॅस्पार्टिक आम्ल चार वेळा येते: ६४, ७४, ७५ आणि ८५ या जागी. म्हणजे क्यू थायलंड, क्यू इराण आणि मुंबईचे क्यू या तिघांचाही दोष एकाच तुकड्यात! ट्रिप्सिनपर्यंत थांबले असते तर तिन्ही एकच वाटली असती. त्या लांब तुकड्याचे पुन्हा बारीक तुकडे करून चारांतले कोणते आम्ल बदलले ते पाहिल्यावरच ६४ हा आकडा हाती येतो. निबंधावर विल्टशर आणि लेहमन यांची नावे आहेत ती या टप्प्याची साक्ष देतात.

मर्चंट आणि देसाई हे मुंबईतले बालरोगतज्ज्ञ. त्यांची नावे दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी आहेत यावरून, आणि मथळ्यात थॅलॅसेमिया आहे यावरून, या शोधाचा माग मुलांच्या दवाखान्यातून निघाला असावा असे मी मानतो. थॅलॅसेमियाचे मूल जन्मतः ठीक असते. गर्भातले हिमोग्लोबिन पहिले काही महिने सांभाळून घेते. मग बीटा साखळ्या तयार व्हायला हव्यात त्या होत नाहीत, मूल पांढरे पडू लागते, पानथरी वाढते, रक्त द्यावे लागते, आणि ते देतच राहावे लागते. अशा मुलाचे, त्याच्या आईवडिलांचे, भावंडांचे रक्त हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी येणे स्वाभाविक होते.

मथळ्यात 'तीन रुग्ण' असे न म्हणता 'तीन कुटुंबे' म्हटले आहे, आणि हा शब्द नेमका आहे. एकाच माणसात दोन दोष दिसले तर आजार कोणामुळे, हे त्या एकट्याच्या रक्तावरून कळत नाही. घरातल्या सगळ्यांचे रक्त पाहिले की दोन्ही दोष वेगळे वाहताना दिसतात. अल्फाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर आणि बीटाची अकराव्यावर आहेत, हे पुढे कळले. पण ती स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात हे घराण्यांच्या अभ्यासातून आधीच दिसले होते. एखाद्या भावाला नुसते क्यू, बहिणीला नुसता थॅलॅसेमियाचा गुण, तिसऱ्याला दोन्ही. नुसते क्यू असलेला माणूस ठणठणीत असतो. ६४वी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. तिथे हिस्टिडिन आल्याने प्राणवायू धरण्यात वा सोडण्यात अडथळा येत नाही, साखळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. मूल आजारी पडते ते आई आणि वडील दोघांकडून थॅलॅसेमिया आल्यामुळे, क्यू असो वा नसो. पट्टीवर डोळ्यांत भरणारी रेघ निर्दोष, आणि जो दोष रेघ म्हणून दिसतच नाही, फक्त ए-२ थोडे वाढवतो, तोच खरा घातक. हे वेगळे करून सांगणे हा या सात पानांचा वैद्यकीय मोल असलेला भाग आहे. नवे हिमोग्लोबिन सापडल्याच्या बातमीपेक्षा मी याला वरचे स्थान देतो.

आणि सिंधी कुटुंबे का? १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने मुंबईच्या वाटेने आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली, त्या वस्तीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. मुलुंड कॉलनी आणि चेंबूर कॅम्प ही नावे त्याच काळाची खूण आहेत. १९७२मध्ये या घटनेला पंचवीस वर्षे झाली होती. निर्वासितांच्या मुलांना मुले होण्याचा तो काळ. लग्ने समाजातच होत. समाजात थॅलॅसेमियाचे वाहक बरेच, त्यामुळे वाहकाची गाठ वाहकाशी पडण्याची शक्यता जास्त. बीटा जनुकातला ६१९ आधारजोड्यांचा एक तुकडाच गळून पडल्याने होणारा थॅलॅसेमिया सिंधी आणि लोहाणा समाजात विशेष आढळतो, हे नंतरच्या काळात स्पष्ट झाले. १९४९ साली संघवी आणि खानोलकर यांनी अंतर्विवाही समाज हे एकक धरून काम सुरू केले होते. त्या पद्धतीचे फळ असे तेवीस वर्षांनी हाती आले. परळच्या विभागाला रसायनशास्त्र येत होते, तसेच कोणत्या घरातली सोयरीक कुठे होते हेही विचारायची सवय होती. माझ्या मते पहिले नाव मुंबईचे असण्यामागचे कारण हेच आहे. केंब्रिजकडे तुकडे वाचण्याची विद्या होती. पण या तीन घरांमध्ये एकच रेघ आहे, हे तिथे बसून कोणाला कळले नसते.

सुकुमारन यांच्या बाकीच्या कामातून भराभर पुढे जातो. १९६५ साली सी. पिक यांच्याबरोबर हिमोग्लोबिन एल बॉम्बेवरची निरीक्षणे एका जीवरसायनाच्या नियतकालिकात आली. शहराचे नाव लावलेले हे आणखी एक हिमोग्लोबिन. १९७५ साली कोलकात्याहून जे. बी. चॅटर्जी यांच्या स्मरणार्थ निघालेल्या रक्तविज्ञानाच्या ग्रंथात 'भारतातली असामान्य हिमोग्लोबिने' हे प्रकरण सुकुमारन यांच्याकडे आले. चॅटर्जी म्हणजे बंगालमधल्या हिमोग्लोबिन ईचे थोर अभ्यासक. त्यांच्या स्मृतिग्रंथात देशाचा एकत्रित आढावा परळच्या माणसाने लिहावा, यात त्या वेळच्या जाणकारांनी दिलेली पावती दिसते. १९७८ साली महाराष्ट्रातल्या आनुवंशिक वैविध्यावरच्या सामूहिक निबंधातही हे नाव आहे, उंदेविया, गुलाटी, भाटिया, मल्होत्रा यांच्या जोडीने.

क्यू इंडियाची पुढची नोंद केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेची आहे. भाटियांच्या रक्तगट संदर्भ केंद्रातूनच ही संस्था वाढली. २००७ साली फणसगावकर, रोशन कोलाह, घोष, दीपिका मोहंती आणि गुप्ते यांनी क्यू इंडिया आणि बीटा थॅलॅसेमिया यांच्या संबंधावर निबंध लिहिला, त्यात ६४ जणांचा अभ्यास होता. तीन कुटुंबांपासून ६४ जणांपर्यंत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्ली आणि मुंबईतली अकरा हजारांवर शाळकरी मुले तपासली होती. थॅलॅसेमियाचे वाहक दिल्लीत ५.४७ टक्के आणि मुंबईत २.६८ टक्के निघाले. मुंबईत शंभरात जवळजवळ तीन मुले, म्हणजे शाळेच्या दोन वर्गांत मिळून साधारण तीन.

आज ही तपासणी कागदाच्या पट्टीवर होत नाही. एचपीएलसी नावाच्या यंत्रात हिमोग्लोबिने एका नळीतून जातात, आणि कोणते किती मिनिटांनी बाहेर आले यावरून ओळखली जातात. हेच यंत्र मधुमेह्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, मोजायलाही वापरतात. आणि इथे पुन्हा १९७०चा तो दोन क्यूंचा निबंध आठवतो. त्याच्या लेखकांत तेहरानचे सॅम्युअल रहबर होते. असामान्य हिमोग्लोबिने शोधायला रक्त तपासताना मधुमेह्यांच्या रक्तात एक जादा रेघ असते, हे त्यांनी १९६८ साली नोंदवले. एचबीएवनसीची चाचणी त्यातून उभी राहिली. एकाच टेबलावरची ही दोन कामे.

त्यामुळे मुलुंड, घाटकोपर वा अंधेरीतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये साखर तपासायला गेलेल्या माणसाच्या अहवालावर आज अचानक 'निराळे हिमोग्लोबिन आढळले' असा शेरा येऊ शकतो. माणूस घाबरतो. क्यू इंडिया असेल तर त्याला स्वतःला काहीही होणार नसते. मात्र त्याचा एचबीएवनसीचा आकडा चुकीचा असू शकतो, आणि तो दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे ए-२ही नीट पाहायला हवे. ते वाढलेले असेल तर क्यूच्या आड थॅलॅसेमियाचा गुण आहे, आणि मग घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे रक्त तपासून घेणे आवश्यक ठरते. ए-२ची रेघ दुभंगलेली असल्याने यंत्र तिचा आकडा कमी दाखवू शकते, हेही तपासणाऱ्याने ध्यानात ठेवायचे असते. अहवाल हाती घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांनी विचारायचा पहिला प्रश्न अजूनही तोच आहे: घरात आणखी कोणाचे रक्त तपासले आहे का?